खापर खेकड्यांवर

जुलै 2019 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली, आणि तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी त्याचं खापर खेकड्यांवर फोडलं. या विधानाची पुढे यथेच्छ टिंगल झाली. टिंगल करायची तर ती व्हायलाच हवी होती. पण गोड्या पाण्यातल्या एका बिनकण्याच्या प्राण्याचं नाव मंत्र्यांच्या तोंडी आलं, आणि तेही आरोपी म्हणून, याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, तेव्हा गोगलगायीला पहिल्या पानावर जागा मिळाली. ती जमिनीवरची गोगलगाय, तळ्यातल्या गोगलगायींचा त्यात काही हात नव्हता, पण एवढा फरक करत बसायला वेळ कुणाला होता! डास तर कायमचे आरोपी. आपल्याकडे लहान बिनकण्याचा जीव बातमीत येतो तो असाच, गुन्हा दाखल झाल्यावर.

हवामान बदलामुळे या जिवांचं काय होतंय, हा प्रश्न आपल्याकडे अजून विचारलाच गेलेला नाही. विचारला तर उत्तर ठरलेलं असतं: उष्णता वाढली, पाणी आटलं, किडे मेले, निसर्गापुढे काय चालणार? मला हे उत्तर अर्धवट वाटतं, आणि सोयीचंही वाटतं. मराठवाड्यातले पाण्यातले जीव पाणी आटण्याला सरावलेले आहेत. कोरड्या दिवसांत ज्या जागी ते तग धरून राहत होते त्या जागा आपण दुष्काळ हटवण्याच्या नावाखाली एकेक करून मोडीत काढल्या. हवामान बदलाचा फटका त्यांना बसतोच आहे. पण त्या फटक्यातून सावरायची सोय आपणच काढून घेतली.

आधी हवामानाचा वाटा काय ते पाहू. एकूण पावसाच्या सरासरीत फार काही दिसत नाही. पाऊस पडतो कसा, हे बदललंय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2017 साली दाखवून दिलं की, 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. आपल्याला हे आकड्यांत सांगायची गरज नाही म्हणा. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. पावसाच्या खंडात कापूस-सोयाबीन माना टाकून उभं होतं. त्याच्या पुढच्याच वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला हिंगोली, नांदेड, परभणीत आभाळ फाटलं, आणि सप्टेंबर 2025 मध्ये मांजरा, सिंदफणा, तेरणा काठच्या गावांनी जे पाहिलं ते पुन्हा सांगत नाही.

पाण्यातल्या किड्याच्या बाजूने पाहिलं तर या दोन टोकांचा अर्थ असा. खंड लांबला की ओढा तुटतो, डबकी उरतात, ती तापतात. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. त्याच वेळी थंड रक्ताच्या जिवाला ऊन वाढेल तशी जास्त हवा लागते. दहा अंश वाढले की गरज साधारण दुप्पट. म्हणजे मिळकत घटली आणि खर्च वाढला. दगडाखाली राहणाऱ्या, पोटाच्या दोन्ही कडांना असलेल्या कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या मेफ्लाय नावाच्या किड्याच्या पिल्लांना हे सर्वात आधी भोवतं. जे जगतात ते गरम पाण्यात भराभर वाढून लहान अंगाचेच प्रौढ होतात, आणि लहान मादीच्या पोटात अंडीही कमीच असतात. पुढे एकदम लोंढा आला की तळातले गोटे लोळतात, वाळू हलते, आणि राहिलेलं सगळं खाली धरणात जाऊन गाळाखाली गाडलं जातं.

हे सगळं खरं असलं तरी आपल्या नद्या बारमाही कधी होत्या? गोदावरी सोडली तर दुधना, कयाधू, मन्याड, बिंदुसरा, तेरणा यांचं उन्हाळ्यात कोरडं पडणं पिढ्यान् पिढ्यांचं आहे. इथल्या जिवांनी त्याप्रमाणे आपापली सोय लावून घेतली होती. माळावर पावसाळ्यात महिनाभर टिकणाऱ्या डबक्यांत फेअरी श्रिम्प नावाचे पारदर्शक, उताणे पोहणारे, बोटाच्या पेराएवढे जीव असतात. डबकं आटायच्या आत ते अंडी घालून मोकळे होतात आणि अंडी सुक्या चिखलात वर्षानुवर्षं पडून राहतात. पहिल्या पावसाला त्यातली सगळी फुटत नाहीत. काही फुटतात, बाकीची थांबतात, पुढच्या पावसासाठी किंवा पुढच्या वर्षासाठी. मृगाच्या पहिल्या सरीवर सगळं बियाणं टाकून नंतर दुबार पेरणीला कर्ज काढणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला जे परवडत नाही, ते या पेराएवढ्या जिवाने साधलेलं आहे. खेकडा काठाच्या मातीत ओल लागेपर्यंत बीळ खोल नेतो. झाकणवाल्या गोगलगायी तोंड मिटून चिखलात पडून राहतात. कितीतरी किड्यांची पिल्लं पात्र कोरडं पडलं की वाळूच्या खाली, जिथे झिरे खणल्यावर पाणी लागतं तिथवर, उतरतात. आणि नदीच्या वळणावरच्या खोल डोहात, करंजाच्या किंवा उंबराच्या सावलीत, मे महिन्यातही थोडं पाणी असतं. पावसाळा लागला की तिथूनच सगळी नदी पुन्हा भरते, वरपासून खालपर्यंत.

अशा डोहाच्या कडेला उकिडवं बसून एकदा निरखून पाहावं. शेवाळाशेजारी बदामी रंगाचा, चपटा, नखाएवढा पाण्यातला ढेकूण दिसतो. पाठीवर पांढुरकी, उभी, एकमेकींना चिकटलेली अंडी, जणू कुणी दाणे रोवून ठेवलेत. हा नर असतो. मादीने त्याच्या पंखांवरच अंडी चिकटवलेली असतात. तो ती वागवत हिंडतो, मधूनमधून पाठ पाण्याबाहेर काढून त्यांना हवा देतो, पुन्हा आत जातो. आठवडा-दोन आठवडे हे चालतं. या दिवसांत त्याला उडता येत नाही, कारण पंख अंड्यांखाली अडकलेले. एरवी डबकं आटायला लागलं की हा किडा उडून दुसरं पाणी गाठतो. पाठीवर अंडी असताना मात्र आहे त्या पाण्यातच राहावं लागतं, ते पंधरा दिवस टिकलं तर टिकलं. पावसाचा खंड दहा दिवसांऐवजी पंचवीस दिवसांचा झाला म्हणजे काय होतं, ते मला या नराकडे पाहून जेवढं कळलं तेवढं कुठल्या आलेखाने कळलं नाही.

आता या आसऱ्याच्या जागांचं आपण काय केलं ते पाहा. डिसेंबर 2014 मध्ये जलयुक्त शिवार सुरू झालं. त्या योजनेत बरंच काही चांगलं होतं. कंपार्टमेंट बंडिंगला, म्हणजे शेतात बांध घालून पाणी अडवायला, जुन्या बंधाऱ्यांच्या दुरुस्तीला माझा विरोध असायचं कारण नाही. पण प्रत्यक्षात गावोगावी दिसलं ते नाला खोलीकरण आणि रुंदीकरण. पोकलेन आलं, वळणं सरळ झाली, काठावरची झाडं-झुडपं निघाली, आणि जिथे उथळ, दगडाळ, खळखळतं पाणी आणि खोल डोह आळीपाळीने येत होते तिथे एका मापाचा, उभ्या कडांचा चर तयार झाला. पाणी साठलं, हे नाकारत नाही. पण उभ्या कडेवर खेकड्याला बीळ धरवत नाही, वनस्पती मूळ धरत नाहीत, चतुराच्या पिल्लाला बाहेर येऊन कात टाकायला काडी सापडत नाही. उथळ गोट्यांचा पट्टाच गेला तर मेफ्लाय आणि वाळूच्या कणांचं घर अंगाभोवती विणणारी कॅडिसफ्लायची अळी राहणार कुठे?

वाळूबद्दल काय बोलायचं! गोदावरी, पूर्णा, सिंदफणा, मांजरा या नद्यांचा वाळू उपसा हा राजकारणाचा आणि मारामाऱ्यांचा विषय झालेला आहे, तहसीलदारांच्या गाडीवर हायवा घालण्यापर्यंत मजल गेली. त्यात भूजलाचं नुकसान होतं हे आता सगळे बोलतात. वाळूचा थर हा पाण्यातल्या जिवांचा उन्हाळ्यातला मुक्काम आहे, हे मात्र कुणी बोलत नाही. वाळू गेली की खाली उरतो काळा पाषाण, आणि पाषाणात उतरायला जागा नाही.

मागेल त्याला शेततळे ही 2016 ची घोषणा. शेततळं झालं तर पाणीही वाढलं आणि पाण्यातले जीवही वाढले, असा सहज समज होतो; माझाही काही दिवस तसा ग्रह होता. पण मराठवाड्यात पाणी मुरू नये म्हणून तळ्याला प्लास्टिकचं अस्तर लावतात. गुळगुळीत काळ्या कडा, तळाला ना चिखल, ना वनस्पती. शिवाय एक गुंता आहे. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश एका विशिष्ट प्रकारे ध्रुवीत होतो, म्हणजे त्याची कंपनं एका दिशेला येतात, आणि पाण्यातले बरेच किडे तो ओळखूनच पाणी शोधतात. गडद, चकचकीत, आडवा पृष्ठभागही त्यांना तसाच भासतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर मेफ्लायनी अंडी घातल्याची हंगेरीतली नोंद प्रसिद्ध आहे. काळं प्लास्टिक, गाडीचं बॉनेट, सौर पॅनेल यांवरही हीच फसगत होते. उन्हात पसरलेल्या कोऱ्या अस्तरावर घातलेली अंडी म्हणजे वाया गेलेली पिढी. सौर ऊर्जा नको, शेततळी नकोत, असं मी म्हणत नाही. एखाद्या कडेला माती, थोडा उतार आणि चार लव्हाळी ठेवायला किती खर्च येतो, एवढंच विचारतो.

मोठ्या धरणांचीही हीच गत आहे. जायकवाडी म्हणजे पसरट, उथळ जलाशय. त्याचं पाणी उतरायला लागलं की किनारा रोज मागे सरकत जातो, कधी कधी दिवसात कितीतरी पावलं. चिखलात राहणारे शिंपले संथ चालतात. पाण्याचा वेग त्यांना गाठता येत नाही. उन्हाळ्यात पैठणच्या बाजूला चिखल भेगाळतो तेव्हा त्यात उभे रुतलेले, आतून रिकामे झालेले शिंपले ओळीने सापडतात. मागोमाग गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी होते, फवारणी होते, आणि पावसाळ्यात ते सगळं पुन्हा पाण्याखाली. शिंपला पाणी गाळून खातो. दिवसाला काही लिटर पाणी एकेका शिंपल्यातून गाळून निघतं. त्याचं पिल्लू मात्र आधी माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतं, त्यामुळे योग्य तो मासा गेला की शिंपला उरला तरी त्याची पुढची पिढी येत नाही. मृतसाठ्यातून उपसा करायची वेळ दर दोन-चार वर्षांनी येऊ लागली की याचं काय होणार, हे वेगळं सांगायला नको.

यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो हलका नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. मांजरा धरण कोरडं होतं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू होती. ज्या भागात माणसाला प्यायला पाणी नाही त्याने किड्यांची काळजी करायची? प्रश्न बरोबर आहे, पण किड्यांचं आणि माणसाचं पाणी वेगवेगळं आहे असं त्यात गृहीत धरलंय. ते तसं नाही, याचा एक पुरावा घरोघरी आहे: डास.

अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी 2003 साली एक साधी गोष्ट दाखवून दिली. जी पाणथळ जागा एरवी आटत नाही, ती एखाद्या दुष्काळात आटली, तर पुढच्या वर्षी तिथे डासांचा सुळसुळाट होतो. कारण आटल्यावर डासांच्या अळ्या खाणारे चतुर, पाण्यातले भुंगेरे, उताणे पोहणारे किडे मरतात. आणि डासांच्या अळ्यांबरोबर एकच अन्न खाणारे जीवही मरतात. पाणी परत आलं की डास पहिल्या आठवड्यात हजर होतो, चतुराला महिने लागतात. आता मराठवाड्याचं चित्र समोर आणा. पाणी चार-आठ दिवसांआड येतं, म्हणून घरोघरी ड्रम, रांजण, सिमेंटच्या टाक्या भरलेल्या, त्यात डेंग्यूचा डास. बाहेर दर काही वर्षांनी कोरडे पडणारे तलाव, त्यातले शिकारी किडे साफ. वर उष्णता, जी डासाच्या अळीला लवकर पंख फुटायला मदतच करते. म्हणजे हवामान बदलात सगळेच किडे मरतात असं नाही. काहींचं तर चांगलंच फावतं. तळाच्या घाण चिखलात राहणाऱ्या लालभडक अळ्याही टिकतात, कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं आणि प्राणवायू नसल्यातच जमा असलेल्या पाण्यात त्या निभावून नेतात. सोयाबीन काढणीच्या सुमारास शेतावर झुंडीने तरंगणारा पिवळसर चतुर, ज्याचं शास्त्रीय नाव पँटाला फ्लेव्हसेन्स, तोही टिकेल. त्याच्या पिल्लांना दीड-दोन महिन्यांचं डबकं पुरतं आणि प्रौढ चतुर मालदीवमार्गे थेट आफ्रिकेकडे निघतात. पण आपल्या नद्यांत फक्त डास, लाल अळ्या आणि पाहुणे चतुर उरणार असतील तर त्या नद्यांचं पाणी तोंडात घालण्यासारखं राहिलेलं नसेल.

आरोग्य खात्याने यावर काढलेला तोडगा म्हणजे गप्पी मासे. डासांच्या अळ्या खातात म्हणून विहिरीत, तळ्यात, डबक्यात सोडायचे. घरच्या हौदात सोडायला हरकत नाही. पण तोच मासा जित्या डोहात सोडला की तो चतुराची कोवळी पिल्लंही खातो, इतर किड्यांची अंडीही खातो, आणि डासांचे आयते शत्रू संपवून डासांच्या बंदोबस्ताची जबाबदारी एकट्याच्या अंगावर घेतो. एका जुन्या रोगाबाबत आपण याहून शहाणपणाने वागलो होतो. पाण्यातल्या सायक्लोप्स नावाच्या बारीक जिवामार्फत पोटात जाणारा नारूचा जंत मराठवाड्याने भरपूर भोगला; पायऱ्यांच्या विहिरींत माणसाने पाय घालणं थांबवलं, पाणी गाळून प्यायला शिकवलं, आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. सायक्लोप्स आजही आहे, आणि असायला हवा; माशाच्या पिल्लांचं ते पहिलं अन्न. नारू हटवायला पाण्यातला सगळा जीवच हटवावा लागला नाही.

जगभरच्या नोंदी काय सांगतात तेही थोडक्यात पाहू. जानेवारी 2025 मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात गोड्या पाण्यातले मासे, चतुर-टाचण्या, खेकडे आणि कोळंबी मिळून 23,496 प्रजाती तपासल्या. त्यातल्या 24 टक्के नामशेष होण्याच्या धोक्यात. सर्वात वाईट अवस्था खेकडे आणि कोळंबीवर्गाची, 30 टक्के. कारणांत प्रदूषण सर्वात पुढे, मग धरणं आणि उपसा. हवामान बदल हा आधीच मोडलेल्याला वरून दिलेला धक्का. उलट 2020 मध्ये सायन्स नियतकालिकातल्या एका मोठ्या आढाव्यात जमिनीवरचे कीटक घटत असताना गोड्या पाण्यातले दशकाला सुमारे 11 टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. ती आकडेवारी मुख्यतः युरोप आणि उत्तर अमेरिकेची, आणि वाढीचं श्रेय बहुधा पाणी स्वच्छ ठेवणाऱ्या कायद्यांकडे जातं. तापमान तिथेही वाढतंच आहे. म्हणजे हवामानाचं कारण पुढे करून हात झटकायची मुभा आपल्याला नाही.

आपल्याकडे मात्र घट किती हे सांगायलाच कुणी मोजलेलं नाही. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्र विभागांनी खेकडे आणि जायकवाडीच्या शिंपल्यांवर वर्षानुवर्षं संशोधन केलं, पण बहुतेक प्रयोगशाळेतलं: कुठल्या कीटकनाशकाच्या किती मात्रेला शिंपल्याच्या यकृताचं काय झालं. नदीत शिंपले किती राहिले, याची नोंद कुठल्या कपाटात सापडत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नदीतळाच्या किड्यांवरून पाण्याची प्रत ठरवायची पद्धत आहे, अ ते ई अशा श्रेणी आहेत. रासायनिक चाचणी नमुना घेतला त्या क्षणापुरतंच सांगते. दगडाखालचा किडा मागचे सहा महिने सांगतो. नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांना संलग्न प्राणिशास्त्राचे विभाग तालुक्या-तालुक्याला आहेत. प्रात्यक्षिकाच्या वहीत झुरळाचं चित्र काढण्याऐवजी मुलांना वर्षातून दोनदा गावच्या ओढ्यात जाळी घेऊन उतरवलं तर दहा वर्षांत मराठवाड्याकडे असा दस्तऐवज तयार होईल, जो आज राज्यात मोजक्याच ठिकाणी असेल.

आणि मोजणी होईपर्यंत वाट पाहायची गरज नाही असं एक काम आहे. खोलीकरणाचं काम मंजूर करताना ओढ्याच्या लांबीतला काही भाग अजिबात हात न लावता सोडायचा: जुने डोह, झाडांच्या मुळांनी धरलेला काठ, उथळ गोट्यांचा पट्टा. तलावातला गाळ काढताना एका बाजूचा गाळ त्या वर्षी राहू द्यायचा, कारण त्यातच फेअरी श्रिम्पसारख्या जिवांची अंडी पडून असतात; गाळमुक्त धरण योजनेत सगळा गाळ शेतात जातो, आणि त्याबरोबर तीही. परभणी जिल्ह्यातल्या वालूरसारख्या ठिकाणच्या बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरी, लोकवर्गणीतून स्वच्छ होतायत, ही आनंदाची गोष्ट. मात्र स्वच्छ करताना पायऱ्यांच्या सांध्यांतलं हिरवं खरवडून, ब्लीचिंग टाकून बारव हॉटेलच्या तरणतलावासारखी करायची गरज नाही. बारवेतलं भूजल उन्हाळ्यातही उघड्या तळ्यापेक्षा कितीतरी थंड असतं, आणि पुढच्या पन्नास वर्षांत या जिवांना थंड पाण्याची गरज वाढतच जाणार आहे.

अडचण आहे ती बिलाची. खोदकामाचे पैसे घनमीटरवर निघतात. एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत, नोंदलं जातं ते काढलेलं. न खोदलेल्या डोहाचं माप घेता येत नाही आणि त्याचं बिलही निघत नाही. त्यामुळे ठेकेदाराने डोह सोडावा ही अपेक्षा भाबडी आहे. ती अट अंदाजपत्रकातच यावी लागेल, नकाशावर डोहाच्या जागा दाखवून. आणि तिथे पोकलेन घातलं तर त्या घनमीटरचं बिल कापलं जाईल, असं त्यात लिहावं लागेल. कुठला डोह मे महिन्यात आटत नाही हे गावातल्या भोयाला आणि गुराख्याला पाठ असतं, तेव्हा नकाशा करायला सल्लागार नेमायचीही गरज पडणार नाही. ग्रामसभेत हा विषय घ्यायला हरकत नाही. पोकलेन साधारण मार्च-एप्रिलमध्ये येतं, त्याच्या आत.